चौकोनातला ताल : ब्लू नोटच्या कव्हरांविषयी

दुकानाच्या दारावर लटकवलेली एक पाटी. मालक बाहेर गेला आहे, अमुक वाजता परत येईल, एवढंच सांगणारी. वेळ दाखवायला पाटीवर घड्याळ आहे. पण या घड्याळाला सात काटे आहेत आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. मालक येणार हे नक्की. कधी येणार, ते पाटीलाच माहीत नाही. एरिक डॉल्फी या अमेरिकी वादकाच्या ‘आउट टू लंच!’ या रेकॉर्डचं हे कव्हर. रेकॉर्डिंग २५ फेब्रुवारी १९६४चं, कंपनी न्यूयॉर्कची ब्लू नोट.

सुई टेकली की पाटीवरचा गोंधळ कानावर येऊ लागतो, आणि हा गोंधळ नाही हे हळूहळू उमगतं. पहिली रचना थेलोनियस मंक या पियानोवादकाला वाहिलेली आहे. तिचं आवर्तन नऊ मात्रांचं; बेसवर रिचर्ड डेव्हिस ते धरून चालतो. ड्रमवर टोनी विल्यम्स, वय अवघं १८. तो ठेका वाजवून दाखवत नाही, ठेक्याच्या आजूबाजूला वाजवतो. सम कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, ती शोधायचं काम ऐकणाऱ्याचं. पियानो नाहीच. त्याच्या जागी बॉबी हचर्सनचा व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवरचे थंड, सुटे आघात. फ्रेडी हबर्डचं ट्रम्पेट आणि डॉल्फीची तीन वाद्यं – आल्टो सॅक्सोफोन, बासरी, बेस क्लॅरिनेट – या मोकळ्या जागेतून वाट काढत जातात. पाच वादक, प्रत्येकाचं घड्याळ निराळं, आणि तरी पाचही जण नेमक्या क्षणी एकत्र येतात.

रेकॉर्डच्या कव्हरांमध्ये यापेक्षा नेमकं कव्हर मी पाहिलेलं नाही. त्यावर वाद्य नाही, वादकाचा चेहरा नाही, धूर आणि अंधार नाही, जॅझ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं काहीच नाही. या संगीतात काळ कसा वागतो, ही एकच गोष्ट उचलली आणि ती कागदावर ठेवली. डॉल्फी २९ जून १९६४ रोजी बर्लिनमध्ये वारला, वयाच्या ३६व्या वर्षी, आणि रेकॉर्ड बाजारात आली ती त्याच्या मागे. त्यामुळे परत येण्याचं आश्वासन देणाऱ्या त्या पाटीला पुढे एक दुःखद अर्थ चिकटला. तो अर्थ नशिबाने दिलेला आहे. पाटी निवडणाऱ्याने दिलेला अर्थ घड्याळात आहे, आणि या पुस्तकाला त्या दुसऱ्या अर्थाशी कर्तव्य आहे.

पाटी निवडणारा होता रीड माइल्स. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९६७पर्यंत ब्लू नोटची जवळजवळ ५०० कव्हरं त्याने केली. आज जगभर ‘जॅझची कव्हरं’ म्हणून जी ओळखली जातात, ज्यांची पोस्टरं कॅफेंच्या भिंतींवर दिसतात, ती बहुतांशी याच्या हातची. आणि या माणसाला जॅझमध्ये रस नव्हता. त्याची आवड पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची. स्वतः कव्हर केलेल्या रेकॉर्डच्या प्रती त्याला मिळत, तेव्हा त्या देऊन तो बदल्यात आपल्या आवडीच्या रेकॉर्ड घेई. म्हणजे ज्या संगीताचा भाव त्याने इतका अचूक पकडला, ते त्याने बऱ्याचदा धड ऐकलेलंही नव्हतं.

हे कसं घडलं असेल, या प्रश्नातून हे पुस्तक उभं राहिलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठाबद्दल आपल्याकडे बोललं गेलं आहे. दीनानाथ दलाल, पद्मा सहस्रबुद्धे, बाळ ठाकूर, सुभाष अवचट ही नावं मराठी वाचकाला लेखकांइतकीच जवळची आहेत. पण पुस्तकाचं मुखपृष्ठ करणाऱ्याच्या हाताशी गोष्ट असते, पात्रं असतात, एखादा प्रसंग असतो. शब्दांविना वाजलेल्या संगीताचं कव्हर करणाऱ्याच्या हाताशी काय असतं? स्वर दिसत नाहीत. गती दिसत नाही. दोन स्वरांमध्ये वादकाने रिकामी सोडलेली जागा तर ऐकणाऱ्यालाही कधीकधी निसटते. हे सगळं साधारण ३१ सेंटिमीटरच्या चौकोनात मांडायचं, तेही हलणारं काहीही न वापरता.

हा प्रश्न मुळात ज्याच्यामुळे उभा राहिला, त्याच्याविषयी थोडं. १९४०पूर्वी कव्हर अशी वस्तू जवळजवळ नव्हतीच. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटंच मावत. एखादी सिंफनी घ्यायची तर चार-पाच तबकड्या लागत, आणि त्या पुस्तकासारख्या बांधणीत येत. बाहेरून तपकिरी नाही तर राखाडी कागद, पुठ्ठ्याच्या कण्यावर नाव. बेथोवन असो की नाचाची गाणी, बाहेरून सगळं सारखंच. अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस हा ब्रुकलिनचा तरुण १९३९ साली कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये कलासंचालक म्हणून आला, तेव्हा तो जेमतेम बाविशीचा होता. या बांधण्यांना तो थडग्याचे दगड म्हणे. त्याने कंपनीला गळ घातली, की प्रत्येक संचाला वेगळं चित्र करू द्या. १९४० साली रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांच्या संचासाठी त्याने न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहाच्या दर्शनी पाटीवरची अक्षरंच बदलून घेतली आणि रात्री उजळलेल्या त्या पाटीचा फोटो छापला. विक्री वाढली, आणि काही वर्षांतच चित्राशिवाय रेकॉर्ड विकणं कुणाला परवडेनासं झालं. १९४८ साली कोलंबियाने एलपी आणली. तिच्यासाठी पातळ पुठ्ठ्याचं पाकीटही स्टाइनवाइसनेच घडवलं, आणि पुढे जगभर तेच चाललं.

स्टाइनवाइस चित्रकार होता. तो संगीत ऐकायचा आणि त्याला जे सुचे ते रंगवायचा. त्याची कव्हरं आजही टवटवीत वाटतात. पण त्यांच्यात संगीताविषयीचं चित्र आहे. संगीत ज्या रीतीने चालतं त्या रीतीने चालणारं कव्हर ही पुढची पायरी, आणि ती चढायला तीन माणसं लागली. त्यांतले दोघे बर्लिनहून आले होते.

आल्फ्रेड लायन १६ वर्षांचा असताना, १९२५ साली, बर्लिनमध्ये तो जिथे स्केटिंगला जाई तिथे जवळच त्याला सॅम वुडिंगच्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाचं पोस्टर दिसलं. तो कार्यक्रम ऐकायला गेला आणि आयुष्यभरासाठी या संगीताचा झाला. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. ज्या माणसाच्या कंपनीने पुढे कव्हरांचं शास्त्र बदललं, त्याला त्या कार्यक्रमाच्या दारापर्यंत एका छापील कागदाने नेलं होतं. डिसेंबर १९३८मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताच्या परंपरेवर एक मोठी मैफल झाली. लायन तिथे होता. पंधरवड्याच्या आत, ६ जानेवारी १९३९ रोजी, त्याने अल्बर्ट अ‍ॅमन्स आणि मीड लक्स लुइस या दोन पियानोवादकांना स्टुडिओत बसवून रेकॉर्डिंग केलं. ब्लू नोटची सुरुवात ती. त्याच वर्षाच्या शेवटी त्याचा लहानपणापासूनचा मित्र फ्रान्सिस वुल्फ नाझी जर्मनीतून निसटून न्यूयॉर्कला पोचला. दोघेही ज्यू. वुल्फचा पेशा फोटोग्राफीचा.

लायनबद्दल एक गोष्ट सगळे वादक सांगत. तो त्यांना तालमीचे पैसे देई. तेव्हा छोट्या कंपन्यांत ही चाल नव्हती. वादक यायचे, वाजवायचे, जायचे. ब्लू नोटमध्ये रेकॉर्डिंगच्या आधी तालीम होई, म्हणून तिथे नव्या, अवघड रचना वाजवता येत. वुल्फ कॅमेरा घेऊन तालमींना आणि रेकॉर्डिंगला हजर असे. जागा म्हणजे न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना. व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्मे देई आणि उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रण करी. १९५९ साली त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. या दोन्ही जागांमधले वुल्फचे फोटो बघितले की एक लक्षात येतं : त्यांत मंच नाही. प्रेक्षक नाहीत, टाळ्या घेणारा चेहरा नाही. वादक कामात आहे. कुणी नोटेशनच्या कागदावर वाकलेला, कुणी दुसऱ्याचं वाजवणं ऐकतोय, कुणाच्या कपाळावर घाम. मागे गडद काळोख, आणि त्यातून फ्लॅशने एक हात, एक गाल, वाद्याची एक कड उचललेली.

हे काम करणाऱ्या माणसाचे फोटो आहेत, हे मुद्दाम सांगायला हवं. त्या काळात कृष्णवर्णीय कलावंतांना बहुतेक छापील चित्रांत हसत, लोकांचं मन रिझवत उभं केलं जाई. कंपन्या तर कधीकधी कव्हरावर त्यांच्याऐवजी एखादी गोरी तरुणी छापत, म्हणजे माल खपावा. वुल्फचा कॅमेरा त्यांच्याकडे विचार करणारी, मेहनत घेणारी माणसं म्हणून बघतो. संगीताचा भाव वगैरे नंतर. आधी हा आदर आहे, आणि तो कागदावर उतरलेला आहे.

हे फोटो माइल्सच्या टेबलावर येत आणि तो ते कापे. निर्दयपणे कापे. कपाळ उडवायचं, अर्धा चेहरा बाहेर टाकायचा, माणूस एका कोपऱ्यात ढकलून उरलेला चौकोन अक्षरांना द्यायचा. वुल्फला याचा त्रास होई, आणि तो साहजिक होता. पण माइल्सने जे केलं त्यात एक शहाणपण आहे, जे चांगल्या बेसवादकात असतं : कुठे वाजवायचं नाही ते ठरवणं. त्यात पैशांची अडचण होतीच. कंपनी लहान, प्रत्येक कव्हरामागे माइल्सला सुमारे ५० डॉलर मिळत, आणि छपाई बहुधा दोनच रंगांत. काळा आणि आणखी एक. चार रंगांचे फोटो परवडत नव्हते म्हणून काळ्या-पांढऱ्या फोटोवर एका रंगाची छटा चढवली गेली, आणि पाहता पाहता ती या संगीताची वर्दी झाली. माइल्सची टंचाईशी अशी मैत्री झाली नसती तर त्याचे निम्मे निर्णय सुचलेच नसते असं माझं मत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. न ऐकता त्याला कळायचं कसं? लायन सांगायचा. रेकॉर्डिंग झालं की लायन त्याला त्या रेकॉर्डची वृत्ती समजावून सांगे. शांत आहे की आक्रमक, कुणासाठी आहे, नाव काय ठेवलंय आणि का. लायन जर्मन वळणाचं इंग्रजी बोलणारा, संगीताचं औपचारिक शिक्षण नसलेला, पण कान कमालीचा तयार असलेला माणूस. त्याला ‘इथे सातवा स्वर असा लागतो’ असं सांगता येत नव्हतं. तो ते कसं वाटतं ते सांगत असणार. म्हणजे कव्हराच्या टेबलापर्यंत संगीत पोचे ते गाळून : स्वर गळून गेलेले, मागे फक्त चाल, तापमान, वजन उरलेलं. आणि दृश्य माध्यमाला यांतलंच काय ते वापरता येतं. माइल्स रेकॉर्ड लावून रोज ऐकणारा रसिक असता, तर त्याला एकेक सोलो दाखवावासा वाटला असता. त्याने न ऐकल्याने तो त्या मोहातून सुटला. हे मी कौतुकाने म्हणतो, आणि रसिकांना हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

काही कव्हरं जवळून पाहू. जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’, रेकॉर्डिंग १५ सप्टेंबर १९५७. संपूर्ण चौकोन निळ्या छटेत. कोल्ट्रेन वाजवत नाहीये. मान खाली, हात ओठांपाशी, कसल्यातरी विचारात. सॅक्सोफोनवादकाच्या रेकॉर्डवर त्याला न वाजवताना दाखवायचं धाडस बघा. पण रेकॉर्ड ऐकली की ते धाडस वाटत नाही. शीर्षकरचना ब्लूजच्या जुन्या साच्यातली, सुरुवातीचा मुखडा संथ, सावध, जवळजवळ प्रार्थनेसारखा. आणि मग कोल्ट्रेनचा सोलो सुटतो तेव्हा त्यात इतकं काही भरलेलं असतं की हे सगळं आधी कुठेतरी बसून जुळवलं असणार हे जाणवतं. कव्हरावर जुळवाजुळवीचा तो क्षण आहे. स्फोट आतल्या तबकडीत आहे, तो बाहेर दाखवायची गरज नव्हती.

सॉनी क्लार्कची ‘कूल स्ट्रटिन’’ वेगळ्या जातीची. जानेवारी १९५८चं रेकॉर्डिंग. कव्हरावर वादक नाहीच. न्यूयॉर्कचा फुटपाथ, आणि त्यावरून चाललेल्या एका स्त्रीचे गुडघ्यांखालचे पाय, उंच टाचांच्या बुटांत. ती होती रूथ मेसन, पुढे लायनची पत्नी झालेली. फोटोत अर्थातच गती नाही, तरीही पाऊल टेकायच्या बेताचं आहे हे दिसतं. शीर्षकरचनेचा वेग अगदी तोच आहे : घाईत नसलेल्या, आपण छान दिसतोय हे ठाऊक असलेल्या माणसाचा चालण्याचा वेग. पॉल चेंबर्सचा बेस एकेका मात्रेवर पाऊल टाकत जातो. सॉनी क्लार्क १९६३ साली, ३१व्या वर्षी गेला. अमेरिकेत त्याच्याकडे फारसं लक्ष गेलं नव्हतं. जपानमध्ये मात्र या रेकॉर्डला असं प्रेम मिळालं की ती तिथल्या जॅझरसिकांची लाडकी होऊन बसली. त्यात या कव्हराचा वाटा नसेल असं मला वाटत नाही.

पुढे-पुढे माइल्स फोटोही सोडू लागला. जॅकी मॅक्लीनच्या ‘इट्स टाइम!’वर फोटो एका कोपऱ्यात टिकलीएवढा आणि उरलेला चौकोन उद्गारचिन्हांच्या ओळींनी भरलेला. जो हेंडरसनच्या ‘इन ’न आउट’वर अक्षरांच्याच रेघा लांब जाऊन बाण बनतात. ली मॉर्गनच्या ‘द रम्प्रोलर’वर अक्षरं रबरासारखी ताणली आहेत. इथे अक्षर वाचायचं कमी आणि वाजवायचं जास्त. ठळक आणि बारीक, जवळ आणि दूर, तुटक आणि सलग, या जोड्यांनी ड्रमवादक काम करतो. अक्षरजुळणी करणाराही यांनीच करतो. अक्षराला नाद असतो असं आपल्याकडचे सुलेखनकार मानतात. माइल्सने त्याला लय दिली. ‘इट्स टाइम!’ची उद्गारचिन्हं मी डावीकडून उजवीकडे ओळीने पाहतो तेव्हा मला मॅक्लीनचा तो किंचित चढा, धारदार, कानात घुसणारा सूर ऐकू येतो. हे माझ्या ऐकण्याच्या सवयीने घडलेलं असू शकतं. पण सवय जडायला आधी काहीतरी जुळावं लागतंच.

आणि याच माणसाने १९६५ साली हर्बी हॅनकॉकच्या ‘मेडन व्हॉयेज’साठी अक्षरांचा सगळा खेळ बाजूला ठेवला. पाण्यावर एक शिडाची होडी, धूसर. त्या संगीतातल्या सुरावली घरी परतत नाहीत. एका स्वरसमूहावरून दुसऱ्यावर तरंगत जातात, आणि ‘आता पोचलो’ असं कधी म्हणत नाहीत. तीक्ष्ण फोटो इथे चुकीचा ठरला असता. होडी स्पष्ट दिसली असती तर किनाराही शोधावासा वाटला असता. माइल्सची ‘शैली’ म्हणून जी आज उचलली जाते – जाड अक्षरं, एक रंग, कापलेला चेहरा – तिच्यात हे कव्हर बसतच नाही. म्हणूनच ते महत्त्वाचं. जाहिरातवाले आणि महोत्सवांची पोस्टरं करणारे गेली कित्येक वर्षं त्याचे रंग आणि अक्षरं घेतायत, आणि ती कोणत्याही संगीताला लावतायत. माइल्सचं कसब कोणतं संगीत काय मागतंय हे ओळखण्यात होतं.

भारतीय वाचकाला इथे रागमाला आठवल्याशिवाय राहणार नाही. संगीताला दृश्य रूप द्यायचं काम आपल्याकडे शतकानुशतकं झालं, आणि त्यातली काही अत्यंत सुंदर चित्रं सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये, अहमदनगर आणि विजापूरच्या परिसरात रंगवली गेली. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती जमलेली हरणं. मेघ म्हणजे काळे ढग, पाऊस आणि त्यात नाचणारा कृष्ण. पण रागमालेचा चित्रकार रागाला व्यक्ती करतो. त्याला नायक मिळतो, नायिका मिळते, प्रहर आणि ऋतू मिळतात, आणि तो प्रसंग रंगवतो. तोडी ज्या पद्धतीने एका स्वराशी थांबते, मागे फिरते, पुन्हा तिथेच येते, ते चालणं चित्रात नसतं. त्याची त्या परंपरेला गरजही नव्हती. तिचा हेतू ध्यानाचा आणि काव्याचा होता. माइल्सच्या अक्षरांना व्यक्ती करायची नव्हती. त्यांना चालायचं होतं. एकाच इच्छेच्या या दोन वाटा शेजारी ठेवून बघितल्या की दोन्ही अधिक कळतात, आणि याच तुलनेवर पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण आहे.

आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या एलपींनी मात्र बहुधा तिसरीच वाट धरली : कलावंताचा फोटो, मांडीवर तानपुरा किंवा समोर सतार, खाली रागांची नावं. त्यातही आदर आहे. गाणाऱ्याची बैठक, डोळे मिटलेला चेहरा, हवेत उचललेला हात यांतूनच भाव कळावा अशी अपेक्षा. पण मारवा आणि भूप यांची कव्हरं शेजारी ठेवली तर नावं वाचल्याशिवाय फरक कळू नये, ही उणीव मला नेहमी टोचली आहे. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये – २०१६ साली ते बंद झालं – ज्यांनी रेकॉर्ड उलटसुलट करण्यात संध्याकाळी घालवल्या, त्यांना ती उणीव ठाऊक असेल. मारव्याची ती अस्वस्थ, दिवस बुडतानाची बेचैनी, षड्जावर येणं टाळत राहण्याची ती सवय, हे सगळं एखाद्या अक्षरांच्या जुळणीत किती सुरेख बसलं असतं.

ब्लू नोटबाहेरच्या दोन घरांचा उल्लेख इथेच करतो, कारण त्यांच्यावर पुढे वेगळं प्रकरण नाही. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये १९६९ साली मानफ्रेड आयशरने सुरू केलेल्या ईसीएमची कव्हरं ब्लू नोटच्या अगदी उलट टोकाची : बर्फ, धुकं, ओसाड पठारं, क्वचित नुसताच रंग. त्या संगीतात स्वर विरून गेल्यावरच्या शांततेलाही जागा असते, कव्हरातही असते. कधीकधी ती इतकी असते की एक रेकॉर्ड दुसरीपासून वेगळी ओळखू येत नाही.

दुसरं घर इंग्लंडमधल्या मँचेस्टरचं. फॅक्टरी रेकॉर्ड्सने १९७९ साली जॉय डिव्हिजन या बँडची ‘अननोन प्लेझर्स’ काढली. काळ्या चौकोनाच्या मध्यभागी एकावर एक रचलेल्या पांढऱ्या रेघा, डोंगरांसारख्या उंचावलेल्या. पुढच्या बाजूला नाव नाही, काही नाही. ती आकृती खगोलशास्त्रावरच्या एका संदर्भग्रंथातून बँडमधल्यांनीच आणलेली. केंब्रिजमध्ये जोसलिन बेल यांना १९६७ साली सापडलेल्या पहिल्या पल्सार ताऱ्याचे ते रेडिओस्पंद. सुमारे १.३४ सेकंदाला एक, घड्याळासारखे नियमित. पण प्रत्येक स्पंदाचा आकार निराळा. मूळ आकृती पांढऱ्यावर काळी होती. पीटर सॅव्हिल या तरुण डिझायनरने ती उलटी केली आणि भोवती काळोख सोडला. त्यानेही तेव्हा रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. स्टीफन मॉरिसचे यंत्रासारखे अचूक ड्रम आणि त्यांच्यावर दर वेळी वेगळ्या तऱ्हेने तुटणारा इयन कर्टिसचा आवाज ऐकले की मला पुन्हा तोच विचार येतो : कव्हर करणाऱ्याला संगीताचा सांगाडा हाती लागला की पुरे. आवाज त्याच्यावर ऐकणाऱ्याने चढवायचा असतो.

आज कव्हर बहुतेकांना दिसतं ते मोबाइलच्या पडद्यावर, बोटाच्या पेराएवढं. स्टाइनवाइसची बारकाव्यांनी भरलेली चित्रं त्या आकारात मरतात. माइल्सची जगतात, कारण ती मुळात दुकानातल्या गर्दीत, लांबून, ओझरत्या नजरेला दिसावीत म्हणून केलेली होती. पण त्यांच्यातलंही काही निसटतंच. एलपीचं कव्हर हातात धरून माणूस एक अख्खी बाजू ऐके. वीस मिनिटं तोच चौकोन समोर. डोळे फिरत राहत, कधी अक्षरावर, कधी मोकळ्या जागेवर, आणि कानांत चाललेलं त्या फिरण्याला वळण देत असे. कव्हर आणि संगीत यांचं नातं एका दृष्टिक्षेपात जुळत नाही. त्याला ही वीस मिनिटं लागतात. म्हणून वाचकांना एक विनंती आहे, की पुढची प्रकरणं वाचताना चित्र शक्य तितकं मोठं करून समोर ठेवावं आणि रेकॉर्डची निदान एक बाजू सलग ऐकावी.

ब्लू नोट १९६०च्या दशकाच्या मध्यावर लिबर्टी या मोठ्या कंपनीला विकली गेली. १९६७ साली लायन निवृत्त झाला आणि त्याच सुमाराला माइल्सचं कामही थांबलं. वुल्फ मात्र १९७१ साली मृत्यू येईपर्यंत काम करत राहिला. त्याने काढलेले हजारो फोटो बरीच वर्षं तसेच पडून होते. पुढे मोझेक रेकॉर्ड्सच्या मायकेल कस्कुना आणि चार्ली लूरी यांच्यामुळे ते जपले गेले आणि १९९०च्या दशकात पुस्तकरूपाने लोकांसमोर आले. आता आपल्याला वुल्फचा न कापलेला फोटो आणि माइल्सने कापलेला, असे दोन्ही पाहता येतात. या पुस्तकात जिथे जमलं तिथे ते समोरासमोरच्या पानांवर छापले आहेत. डावीकडे संपूर्ण खोली : माइकचे दांडे, वायरी, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कोट, कोपऱ्यात कुणाचं तरी अर्धवट डोकं. उजवीकडे त्यातला वीतभर तुकडा आणि दोन रंग. पहिल्यांदा पाहताना मी वुल्फच्या बाजूने होतो. हळहळ वाटायची, एवढं सगळं का टाकून दिलं म्हणून. आता त्या जोड्या पाहताना मी आधी रेकॉर्ड लावतो आणि माइल्सने नेमकं कुठे कापलं त्या रेषेकडे पाहतो. बहुतेक वेळा ती रेषा कळते. काही वेळा कळत नाही, आणि त्या कव्हरांविषयी मी सरळ तसं लिहिलं आहे. त्या ठिकाणी वुल्फचा संपूर्ण फोटोच जास्त खरा आहे, असं माझं मत पडलं. वाचकांनी दोन्ही बघावेत, ऐकावं, आणि जिथे पटणार नाही तिथे माझ्याशी वाद घालावा.